बूम, पाळणा आणि तरफ: जड लाईट स्टँडवर लावताना

आज लेन्स नाही, कॅमेरा नाही, एडिटिंग तर अजिबातच नाही. आज फक्त स्टँड. विषय कंटाळवाणा वाटेल, मलाही वाटायचा, बारशापर्यंत.

तर बारशाचं सांगतो. मित्राच्या मुलीचं बारसं, छोटा हॉल, मधोमध झेंडूनं सजवलेला पाळणा. मला वरून मऊ उजेड हवा होता. म्हणून सी-स्टँड, त्यावर आडवा बूम, बूमच्या टोकाला बॅटरीवाला 600 वॉट-सेकंदाचा फ्लॅश आणि त्याला 90 सेंटिमीटरचा ऑक्टाबॉक्स. हे सगळं बरोबर पाळण्याच्या वर. आत्यानं कानात नाव सांगितलं, बाळ आजीच्या मांडीवर गेलं, आणि दोनेक मिनिटांनी बूम खाली यायला लागला. धाडकन नाही हं, सावकाश, एखादा माणूस डुलकी घेतो तसा. ऑक्टाबॉक्स येऊन पाळण्यात टेकला. पाळणा रिकामा होता. वहिनी हसून म्हणाल्या, "अहो, तुमचा दिवा झोपला!" सगळे हसले. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही.

चूक काय होती? नॉब उलट्या बाजूला होता. एवढंच. सी-स्टँडच्या डोक्यावर, म्हणजे ग्रिप हेडवर, बूम आवळायचा एक मोठा नॉब असतो. स्टँडच्या मागे उभं राहून लाईटच्या दिशेनं तोंड करा, तो नॉब तुमच्या उजव्या हाताला आला पाहिजे. मग लाईटचं वजन बूमला खाली ओढतं तेव्हा ते नॉब आवळण्याच्या दिशेनंच फिरवतं. डावीकडे असेल तर तेच वजन नॉब सैल करत राहतं. मी दोन्ही हातांनी करकचून आवळला होता, पण संपूर्ण कार्यक्रमभर गुरुत्वाकर्षण तो सोडवत बसलं होतं.

आता थोडी इंजिनिअरगिरी चालवून घ्या. आपण दुकानात विचारतो, "हा स्टँड किती किलो पेलतो?" खोक्यावर लिहिलेला आकडा असतो सरळ खाली येणाऱ्या वजनाचा. लाईट पडतो तो वजनामुळे क्वचित, बहुतेक वेळा तो पडतो वजन कुठे आहे त्यामुळे. तीन पायांचा स्टँड वरून पाहिला तर त्रिकोण दिसतो. समजा मधल्या दांड्यापासून प्रत्येक पायाचं टोक 50 सेंटिमीटरवर आहे. पायाच्या दिशेनं तुम्हाला 50 सेंटिमीटर मिळतात. पण दोन पायांच्या मधल्या दिशेनं? फक्त 25. बरोबर अर्धे! तीन सारखे पाय असले की हे भूमितीनंच ठरतं.

बूम नाही, साधा सॉफ्टबॉक्स घ्या. लाईट आणि सॉफ्टबॉक्स मिळून 4 किलो, त्यांचा गुरुत्वमध्य दांड्याच्या 20 सेंटिमीटर पुढे, स्टँड स्वतः 2 किलोचा. सगळ्याचा मिळून मध्य येतो साधारण 13 सेंटिमीटर पुढे. पुढे दोन पायांमधली फट असेल तर हातात उरतात 12 सेंटिमीटर. तोच स्टँड फिरवून एक पाय सॉफ्टबॉक्सच्या खाली आणला की उरतात 37. तिप्पट, आणि खर्च शून्य. सी-स्टँडला पाय वेगवेगळ्या उंचीवर असतात, तिथे सगळ्यात उंच पाय वजनाखाली घ्यायचा.

वाळूची बॅग त्याच उंच पायावर, दांड्याला चिकटून टांगायची. आणि बॅग जमिनीवर लोळत असेल तर तिचं वजन फरशी घेते, स्टँडला काही मिळत नाही. वाळूची बॅग नसेल तर 5 लिटरचा पाण्याचा कॅन बांधा, 5 किलो होतात. मी 5 किलो तांदळाची पिशवीही वापरली आहे, आईच्या परवानगीनं.

बूमवर मागे काउंटरवेट लावतो तेव्हा तरफ लागते, शाळेतलीच. 4 किलो पुढे 120 सेंटिमीटरवर असतील तर मागे 60 सेंटिमीटरवर 8 किलो हवेत. छान, तोल साधला. पण स्टँडवर आता 12 किलो झाले, बूम वेगळा! बऱ्याच सी-स्टँडवर 10 किलोच्या आसपास मर्यादा लिहिलेली असते. म्हणजे काउंटरवेटनं स्टँडचं ओझं हलकं होत नाही, वाढतं. उपाय सोपा आहे: बूम पुढे कमी काढा. 60 वर आणलात तर मागे 4 किलोत भागतं, एकूण 8.

उतरवताना आणखी एक गंमत होते. लाईट आधी काढला की मागचं काउंटरवेट खाली येतं आणि बूमचं पुढचं टोक वर उसळतं. तुमची हनुवटी नेमकी तिथेच असते. म्हणून बूम धरायला दुसरा माणूस लागतोच, भले तो मित्राचा कंटाळलेला भाचा असो.

बारीक गोष्टी पटकन. लाईट ज्या 16 मिलिमीटरच्या पिनवर बसतो तिला खाच असते, आवळायचा स्क्रू त्या खाचेतच बसू द्या. सॉफ्टबॉक्स फिरवून लावल्यावर खटका बसला का ते हलवून बघा. पंख्याखाली मोठी छत्री लावू नका, ती शीडच असते. फ्लॅशच्या केबलला स्टँडच्या पायाशी एक वेढा द्या, म्हणजे कुणी अडखळलं तर ओढ तळाशी बसेल, वर नाही. आणि माणसांच्या डोक्यावर लाईट असेल तर हँडलमधून बारीक स्टीलची दोरी घालून ती बूमवरून दांड्याच्या पक्क्या भागापर्यंत न्या. बूमलाच बांधून ठेवलीत तर बूम खाली येताना दोरीही सोबत येईल, माझ्या बाबतीत आली असती.

प्रश्न येईल, की मग बाळांचे फोटो कसे काढायचे? मी आता पाळण्यावर काहीच टांगत नाही. लाईट बाजूला, खाली बॅग, आणि तोंड पांढऱ्या छताकडे. छत रंगीत असेल तर भिंतीकडे. उजेड तितका सुंदर पडत नाही, थोडा सपाट येतो, आणि एडिटिंगमध्ये अर्धा तास जास्त जातो. त्याच मित्राच्या मुलीचा पहिला वाढदिवस असाच काढला. वहिनींनी आल्या आल्या विचारलं, "आज दिवा जागा आहे ना?"