एका मोठ्या संख्येचा धडा



बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे दुपटीने दाणे मांडीत जाण्याची गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. त्या पटाच्या ३३ व्या घरातील दाण्यांत आणखी एक मिळविला, की ४,२९,४९,६७,२९७ ही संख्या होते. आज आम्ही एवढ्या एका संख्येविषयीच बोलणार आहोत. थोडी उदाहरणे पाहून सिद्धान्त बांधावा काय, या प्रश्नाचा निकाल तिने लावला आहे. आणि तो प्रश्न केवळ गणितापुरता नाही.

पहिल्या घरापासून १, २, ४, ८ आणि १६ घरे पुढे जावे आणि तेथील दाण्यांत प्रत्येक वेळी एक मिळवावा. ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ या संख्या मिळतात. या पाचही अविभाज्य आहेत. म्हणजे १ आणि ती संख्या स्वतः यांखेरीज दुसऱ्या कशानेही त्यांना निःशेष भाग जात नाही. फ्रान्समधील तुलूझचा न्यायाधिकारी पिएर द फेर्मा हा फावल्या वेळचा गणिती, पण अधिकार केवढा थोर! १६४० साली त्याने लिहिले की, याच रीतीने पुढे मिळणाऱ्या सर्व संख्या अविभाज्यच असणार. सिद्धता आपल्यापाशी नाही, हेही त्याने प्रांजळपणे सांगितले.

पुढची, म्हणजे सहावी संख्या हीच आपली ४,२९,४९,६७,२९७. तिचा विभाजक सरळ शोधू गेल्यास ६,५४२ अविभाज्य संख्यांनी भागून पाहण्याची तयारी हवी. १७२९ साली गोल्डबाखने हा प्रश्न ऑयलरच्या कानी घातला, आणि १७३२ साली ऑयलरने उत्तर दिले : ही संख्या म्हणजे ६४१ गुणिले ६७,००,४१७. गुणाकार कोणीही घरी करून पाहावा. या संख्येच्या कोणत्याही अविभाज्य विभाजकाला ६४ ने भागल्यास बाकी १ च उरते, हे ऑयलरने पुढे सिद्ध केले. हे एकदा कळले म्हणजे १९३, २५७, ४४९ आणि ५७७ येथे निराशा होते, आणि पाचव्याच भागाकाराला ६४१ हाती लागतो. हजारो भागाकारांचे काम विचाराने पाचांवर आणले!

शितावरून भाताची परीक्षा स्वयंपाकघरात चालते, कारण एकाच पाण्यात सारा भात शिजतो. संख्यांची गोष्ट तशी नाही. येथे पाच शिते शिजली होती, सहावे कच्चे निघाले. आणि फेर्मासारख्याचा शब्दही त्याला शिजवू शकला नाही.

सहावीपासून पुढच्या सलग २८ संख्या विभाज्य असल्याचे आजवर ठरले आहे. मग आता यापुढील सर्व विभाज्यच, असे म्हणावे काय? मोह होतो खरा. पण तशी सिद्धता अद्याप कोणी दिलेली नाही. आणि पाच शितांनी जे सिद्ध झाले नाही, ते अठ्ठावीस शितांनीही होत नाही.