कथा, पूर्वग्रह आणि कॅथलिक लेखक
(महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



आपल्या धर्मग्रामाच्या ह्या महोत्सवांत ख्रिस्तमंदिराविषयीं व पूर्वजांच्या श्रमांविषयीं इतर वक्ते बोलले आहेतच. आम्ही लेखणीविषयीं दोन शब्द बोलूं इच्छितों. आपल्या तरुणांपैकीं कांहीं जण कथा लिहितात, हें आम्हांस ठाऊक आहे. त्यांच्यापुढें एक प्रश्न सदैव उभा असतो. आपली मिस्सा, आपलें पापनिवेदन, आजीची रोझरी कथेंत आणावी कीं नाहीं? आणली तर बाहेरचा वाचक धर्मप्रचार समजून पुस्तक मिटून टाकील, ही भीति. न आणली तर कथा आपली उरत नाहीं. ह्या पेचांतून वाट काढणारा एक महापुरुष होऊन गेला. तो म्हणजे संत जॉन हेन्री न्यूमन.

त्यांच्या काळचें इंग्लंड कसें होतें, तें प्रथम पाहूं. तेथें 1780 मध्यें कॅथलिकांविरुद्ध मोठा दंगा होऊन लंडन शहरांत जाळपोळ झाली. 1829 चा कायदा होईपर्यंत कॅथलिकांस पार्लमेंटांत बसतां येत नसे. 1850 मध्यें पोप नववे पायस ह्यांनीं तेथें पुनः बिशप नेमले, तेव्हां पोप व कार्डिनल वाइजमन ह्यांच्या प्रतिमा भर रस्त्यांत जाळण्यांत आल्या. हा द्वेष कशावर पोसला गेला? पुष्कळसा गोष्टींवर. 1836 मध्यें अमेरिकेंत मराया मंक नांवाच्या बाईचें एक पुस्तक निघालें. माँट्रिऑलच्या एका मठांत धर्मभगिनी भयंकर कृत्यें करितात, असें त्यांत लिहिलें होतें. न्यूयॉर्कच्या एका प्रॉटेस्टंट पत्रसंपादकानें स्वतः जाऊन तो मठ पाहिला, व पुस्तकांतील वर्णन मुळींच जुळत नाहीं असें जाहीर केलें. तरीहि पुस्तक खपतच राहिलें. चौकशीचा अहवाल थोडे वाचतात. गोष्ट सर्व वाचतात.

न्यूमन ह्यांनीं हें मर्म ओळखिलें होतें. ते ऑक्सफर्डचे नामांकित अँग्लिकन पंडित. 1845 मध्यें ते कॅथलिक झाले. पुढें रोममध्यें असतां, ऑक्सफर्डहून कॅथलिक झालेल्यांवर टीका करणारी एक कादंबरी त्यांच्या हातीं आली. तिला रुक्ष खंडनानें उत्तर देणें शोभणार नाहीं, अधिक खरी अशी दुसरी कथाच लिहिली पाहिजे, असें त्यांनीं ठरविलें. अशा रीतीनें 1848 मध्यें 'लॉस अँड गेन', म्हणजे 'हानि आणि लाभ', ही त्यांची कादंबरी निघाली.

तिचा नायक चार्ल्स रेडिंग हा एक विद्यार्थी. तो चमत्कार करीत नाहीं, मोठमोठीं प्रवचनेंहि देत नाहीं. त्यास शंका येतात. तो वाट पाहतो. आई व बहिणी दुखावतात. आणि ऑक्सफर्ड सोडतांना तेथील वृक्षांस कवटाळून तो त्यांचें चुंबन घेतो. ग्रंथाच्या नांवांत 'हानि' हा शब्द आधीं आहे, हें ध्यानांत घ्यावें. श्रद्धेची किंमत किती पडते हें लेखकानें लपविलें नाहीं. त्यांत थट्टा भरपूर आहे. परंतु आपल्या जुन्या विद्यापीठावरील प्रेमहि तितकेंच आहे. पुढें 1855 मध्यें त्यांनीं आफ्रिकेंतील एका हुतात्मा कुमारीची 'कॅलिस्टा' ही कथा लिहिली.

1864 मध्यें चार्ल्स किंग्जली ह्या प्रसिद्ध कादंबरीकारानें न्यूमन ह्यांच्या सत्यनिष्ठेवरच शिंतोडे उडविले. न्यूमन ह्यांनीं आपल्या मनाचा सारा इतिहास लिहून जगापुढें ठेविला. तो वाचून अनेक प्रॉटेस्टंटांचेंहि मत पालटलें. ख्रिस्तसभेनें 2019 मध्यें त्यांस संत व 2025 मध्यें धर्मपंडित म्हणून घोषित केलें.

आपण म्हणाल, हें परदेशचें झालें, आमचें काय? बंधूंनो, फादर थॉमस स्टीफन्स हेहि इंग्लंडचेच. कॅथलिक उपासनेस बंदी असलेला आपला देश सोडून ते 1579 मध्यें गोव्यास आले, आणि 1616 मध्यें त्यांचें 'ख्रिस्तपुराण' मराठी ओवींत छापलें गेलें. तेव्हांपासून ही भाषा आपलीहि आहे. तथापि 2019 मध्यें वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांची मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदीं निवड झाली, तेव्हां ते धर्मगुरु आहेत एवढ्याचसाठीं कांहीं लोकांनीं विरोध केला. 2020 च्या जानेवारींत उस्मानाबादेस, म्हणजे आजच्या धाराशिवास, त्यांनीं अध्यक्षीय भाषण केलें, तें शुद्ध मराठींतच. 2024 मध्यें ते देवाघरीं गेले; त्यांचे ग्रंथ मागें आहेत.

म्हणून तरुण लेखकांस आमचें सांगणें इतकेंच. आपला धर्म लपवूं नका, कारण ज्यानें आपलें घर कधीं आंतून पाहिलें नाहीं, त्यास तें कथेंतूनच दिसणार आहे. आणि उलट निंदा करूं नका. निंदेची कथा पूर्वग्रहाचेंच पोषण करिते, मग ती कोणीहि लिहिलेली असो.

परंतु वडीलधाऱ्यांसहि एक विनंति आहे. कथेंत आपल्यांतला दारूबाज भेटला, भावाभावांतला जमिनीचा तंटा आला, एखादा रागीट धर्मगुरु आला, तर 'आमची अब्रू घालविली' म्हणून त्या मुलास घेरूं नका. मनुष्य पापी असतां त्याचें साहित्य मात्र निष्पाप असावें, ही अपेक्षाच विसंगत आहे, असें न्यूमन ह्यांनीं डब्लिन येथील आपल्या व्याख्यानांत दाखविलें. आपण सारे पापनिवेदनास जातों. मग कागदावरील पापी पाहून कां दचकावें? सारींच पात्रें देवदूत असतील तर परका वाचक एका शब्दावरहि विश्वास ठेवणार नाहीं. बाहेरचा पूर्वग्रह लेखकास दुखवितो. घरचा धाक त्याची लेखणीच थांबवितो.

आपल्या पूर्वजांनीं हें ख्रिस्तमंदिर बांधिलें. आतां ह्या लोकांची खरी कहाणी लिहिणारा एखादा तरी येथून निघो. आणि तो निघेल तेव्हां त्याचें पुस्तक विकत घेऊन वाचण्याइतकी उदारता परमेश्वर आपणां सर्वांस देवो.