शहरं थांबतात, पक्षी थांबत नाहीत

आज मी एका प्रवासाविषयी बोलणार आहे. पण हे प्रवासवर्णन नव्हे, कारण हा प्रवास मी अजून केलेलाच नाही. गेली दोन वर्षं आम्ही नवरा-बायको तो नुसता आखतो आहोत. येत्या वसंतात निघायचं आहे, स्पेनला. आखणी आता जवळजवळ पुरी होत आली आहे, आणि या आखणीनंच मला इतकं शिकवलं की ते तुमच्यापुढे मांडावंसं वाटलं.

माझ्या पत्नीनं तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. कुर्तुब्याची मशीद, म्हणजे आजच्या कोर्दोबातली, आणि ग्रनाडाचा अल्हाम्ब्रा तिनं फळ्यावर खडूनं काढून दाखवला आहे. डोळ्यांनी पाहिलेला नाही. माझं वेड वेगळं. माझं लहानपण सोलापूर जिल्ह्यातल्या माळरानावर गेलं आणि पक्षी पाहण्याची खोड तिथेच लागली. त्यामुळे पहिल्याच आठवड्यात घरात दोन याद्या तयार झाल्या. तिच्या यादीत नऊ शहरं होती. माझ्या यादीत डोंगरकडे, दलदली आणि गवताची मैदानं. माझी यादी वाचून ती म्हणाली, "अहो, या यादीत एकही छप्पर नाही!"

मग आम्ही प्रवासी कंपन्यांची माहितीपत्रकं आणली. बारा दिवसांत नऊ शहरं. रोज सकाळी बॅगा बसमध्ये, रोज संध्याकाळी नवं हॉटेल. त्यात तिचा इतिहास खिडकीतून दिसणार होता आणि माझे पक्षी खिडकीतूनही दिसणार नव्हते. तेव्हा ठरवलं, आपणच आखू.

पहिला प्रश्न आला महिन्याचा. शहरं पाहायला कोणताही महिना चालतो. अल्हाम्ब्रा मार्चमध्ये आहे तिथेच सप्टेंबरमध्ये असतो. पक्ष्यांचं तसं नाही. त्यांचं स्वतःचं पंचांग असतं आणि ते आपल्या रजेकडे पाहून बदलत नाही.

मला आधी ओढ होती ऑगस्टची. स्पेनच्या दक्षिण टोकाला तारिफा नावाचं गाव आहे. समोर आफ्रिका. मधली जिब्राल्टरची सामुद्रधुनी सगळ्यात अरुंद जागी अवघी १४ किलोमीटर आहे. ७११ साली तारिक इब्न झियाद याच पाण्यावरून उत्तरेला आला आणि त्याच्या नावावरून 'जबल तारिक', म्हणजे तारिकचा डोंगर, याचं जिब्राल्टर झालं. पण त्याच्या कितीतरी आधीपासून या वाटेनं पक्षी जातयेत आहेत. गरुड, घारी, बलाक हे पंख फडफडवून लांब उडणारे पक्षी नव्हेत. जमीन तापली की गरम हवा वर चढते, तिच्यावर गिरक्या घेत ते उंची गाठतात आणि मग पंख पसरून घसरत जातात. समुद्रावर अशी हवा चढत नाही. म्हणून पाणी जिथे सगळ्यात कमी, तिथे पश्चिम युरोपातले असे पक्षी गोळा होतात. ऑगस्टमध्ये पांढरे बलाक आणि घारी हजारांनी जमतात. वारा उलटा असला की दिवसचे दिवस किनाऱ्यावर अडकून बसतात.

हे वाचून मी भारावून गेलो होतो. पत्नीनं शांतपणे विचारलं, "ही घार म्हणजे आपल्या मटण मार्केटवर फिरते तीच ना?" तीच. जातसुद्धा तीच. मग ती म्हणाली, "तिच्यासाठी पासपोर्ट कशाला?"

गंमत सोडा, पण हिशेब मांडल्यावर ऑगस्ट खरोखरच बसेना. त्या महिन्यात कोर्दोबाचा पारा चाळिशी ओलांडतो. दलदली आटलेल्या असतात. इमारतींवर घरटी करणारे पक्षी पिल्लं वाढवून निघून गेलेले असतात. म्हणजे एका दृश्यासाठी बाकी सगळं गमवायचं. उलट एप्रिलच्या अखेरीस हवा सुखाची, मैदानं फुलांनी भरलेली, बलाक घरट्यांवर, आफ्रिकेतून परतलेले वेडे राघू आणि पाकोळ्या आपापल्या जागी. एक मात्र सांभाळायचं. आपल्या रमजानसारखा ईस्टरही दरवर्षी सरकतो. ईस्टरच्या आधीचा आठवडा आणि त्यानंतर साधारण पंधरा दिवसांनी भरणारी सेव्हिलची मोठी जत्रा, या दोन्ही वेळी तिथे खोली मिळणं कठीण आणि मिळाली तर खिशाला कठीण. ते दोन्ही उलटून गेल्यावरचे पंधरा दिवस आम्ही धरले. तारिफा कागदावरून खोडलं. खोडताना हात अडखळला, हे कबूल करतो.

त्यानंतर मोरोक्को खोडलं. फेज शहर पाहायची दोघांचीही इच्छा होती आणि नकाशावर ते अगदी पलीकडे दिसतं. पण मोरोक्कोचा व्हिसा वेगळा. शिवाय तिकडे जाऊन स्पेनमध्ये परत यायचं तर युरोपचा शेंगेन व्हिसा अनेक वेळा प्रवेशाचा हवा. तो मिळेलच याची खात्री आपल्याला कोण देणार? नकाशावरचे १४ किलोमीटर आणि पासपोर्टवरचे १४ किलोमीटर यांत फार अंतर असतं. घारीला ते पार करायला तासभरही लागत नसेल.

कविता लिहिणाऱ्याला खोडण्याची सवय असते. पण खोडून झाल्यावर जे उरलं, त्यात एक गोष्ट ध्यानात आली आणि आमचं भांडण मिटलं. शहरं एकीकडे आणि पक्षी दुसरीकडे, हा माझाच गैरसमज होता. तिथे कितीतरी ठिकाणी पक्षी जुन्या शहरांतच राहतात.

उदाहरण सेव्हिलचं घ्या. तिथल्या कॅथेड्रलचा खिराल्दा नावाचा मनोरा हा मुळात मशिदीचा मिनार. तो ११९८ साली पुरा झाला आणि त्याच्या माथ्यावरचा घंटाघराचा मजला सोळाव्या शतकात चढवला. या कॅथेड्रलच्या भिंतींतल्या कपारींत छोटा खरूची घरटी करतो. ससाण्याच्या कुळातला, पारव्याएवढाही नसलेला हा शिकारी पक्षी. रात्री मनोऱ्यावर दिव्यांचे झोत पडतात, त्यांच्याकडे किडे येतात आणि हे पक्षी चक्क रात्री शिकार करतात. म्हणजे पत्नी मिनार पाहील, मी खरूची पाहीन आणि दोघांची मान एकाच दिशेला वर असेल.

कोर्दोबाचंही तसंच. तिथली मशीद पहिल्या अब्दुर्रहमाननं आठव्या शतकात बांधायला घेतली. साडेआठशेहून जास्त खांब आजही उभे आहेत. १२३६ साली तिचं चर्च झालं आणि सोळाव्या शतकात खांबांच्या त्या रानाच्या मधोमध कॅथेड्रल उभं राहिलं. १९३३ साली इक्बाल तिथे जाऊन आले आणि त्या मशिदीवर त्यांनी उर्दूतली मोठी कविता लिहिली. मुसलमानाला आज तिथे नमाज पढता येत नाही. मला अनेकांनी विचारलं, "मग वाईट नाही वाटणार?" वाटेल. पण पाहण्याचाही एक अदब असतो, तो पाळता येईल.

मशिदीतून बाहेर पडून थोडं चाललं की ग्वादलकिविर नदीवरचा रोमन पूल लागतो. पुलाखाली जुन्या पाणचक्क्यांचे अवशेष आणि त्यांच्याभोवती माजलेली झाडी आहे. भर शहरातली ही जागा सरकारनं २००१ साली नैसर्गिक स्मारक म्हणून जाहीर केली. रातबगळे, गायबगळे, मोरशराटी, जांभळ्या पाणकोंबड्या यांचं ते गाव आहे. संध्याकाळी बगळे थव्यांनी मुक्कामाला येतात. एप्रिलअखेर तिथे सूर्य नऊच्या सुमारास मावळतो. म्हणून आम्ही लिहून ठेवलं आहे: मशीद सकाळी, पूल मगरिबला.

याच कोर्दोबात नवव्या शतकात अब्बास इब्न फिर्नास नावाचा विद्वान होता. त्यानं अंगाला पिसं लावून उडण्याचा प्रयत्न केला, काही अंतर गेला आणि उतरताना जबर आपटला, असं अल्-मक्करीनं सतराव्या शतकात लिहून ठेवलं आहे. कारणही दिलं आहे: पक्षी उतरताना शेपटीचा उपयोग करतात हे त्याच्या ध्यानात आलं नाही, त्यानं शेपटी केलीच नव्हती. जगातल्या सगळ्या पक्षिनिरीक्षकांनी हा किस्सा पाठ करावा. निरीक्षण अपुरं राहिलं की काय होतं ते त्यात आहे.

तर आता चौदा रात्रींचा बेत असा आहे. मद्रिदला उतरून तडक पश्चिमेला एस्त्रेमादुरा भागात त्रुहियो या जुन्या गावात चार रात्री. तिथून सेव्हिल चार, कोर्दोबा दोन, ग्रनाडा तीन आणि शेवटची रात्र मालागाला. परतीचं विमान तिथूनच. एका शहरात उतरून दुसऱ्या शहरातून निघायचं, म्हणजे मागे फिरण्यात दिवस जात नाही. सेव्हिलच्या चार दिवसांतला एक दोन्यानाच्या दलदलीचा. तिथे रोहित पक्ष्यांचे थवे असतात, पण पाणी असेल तर. उपशानं आणि दुष्काळानं २०२२ साली तिथलं सगळ्यात मोठं बारमाही तळंसुद्धा कोरडं पडलं होतं. म्हणून तो दिवस मोकळा ठेवला आहे; तिथे पोहोचल्यावर चौकशी करून ठरवू. अल्हाम्ब्राचं उलटं. तिथल्या नसरी महालांच्या तिकिटावर आत शिरायची वेळ छापलेली असते आणि ती चुकली की चुकली. ते तिकीट महिनोन् महिने आधी काढायचं. व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. आणि व्हिसा हातात येईपर्यंत हॉटेलं पैसे परत मिळतील अशीच घ्यायची. शहरांमधला प्रवास रेल्वे आणि बसनं. गाडी फक्त दोन दिवस, तीही वाटाड्यासकट.

पत्नीची एक अट होती, पहाटे पाचला उठवायचं नाही. मी घाबरत घाबरत वेळा पाहिल्या. एप्रिलअखेर त्या भागात सूर्यच सव्वासातच्या पुढे उगवतो. अट मान्य झाली.

आता तुम्ही विचाराल, इतक्या सुंदर शहरांत त्रुहियोला चार रात्री कशाला? गाव छान आहे, जुना किल्ला आहे, बुरुजांवर बलाकांची घरटी आहेत. पण खरं कारण गावाबाहेर आहे.

गावाबाहेरच्या मैदानात युरोपातला माळढोक आहे. वसंतात नर पिसं उलटी करून पांढराशुभ्र गोळा होतो आणि माद्यांपुढे मिरवतो. जगातल्या या जातीच्या पक्ष्यांपैकी निम्म्याहून अधिक एकट्या स्पेनमध्ये आहेत. आमच्या नान्नजला १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य झालं. तिथे माळढोक शोधत मी कितीदा रिकाम्या हातानं परतलो, ते माझं मला माहीत.

आणि जवळच मोनफ्राग्वेच्या राष्ट्रीय उद्यानात गिधाडं आहेत. नदीकाठच्या कड्यावर त्यांची वस्ती आहे आणि वरच्या जुन्या किल्ल्यावर उभं राहिलं तर ती डोळ्यांच्या रेषेत तरंगत जातात, असं वाचलं आहे.

माझे अब्बा गावचे मुलाणी. १९७५-७६ची गोष्ट. गावाबाहेर ओढ्याकाठी मेलेली जनावरं टाकायची जागा होती. एखादा बैल पडला की तासाभरात आभाळातून गिधाडं उतरायची, पन्नास-साठ तरी. आम्ही पोरं दगड मारायचो. एकदा अब्बांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "ती कुणाच्या घरचं घेत नाहीत. गावानं टाकलेलं खातात. दगड मारू नको." नंतर शिकायला, नोकरीला बाहेर पडलो. एका सुट्टीत गेलो तर ओढ्याकाठी बैल तसाच सडत पडला होता आणि त्यावर नुसती कुत्री. गिधाडं कधी गेली, हे गावात कुणालाच सांगता येईना. ती होती तेव्हा कुणी मोजली नव्हती.

कारण पुढे २००४ साली जगाला कळलं. जनावरांना दुखण्यावर देतात ते डायक्लोफिनॅक नावाचं औषध. ते दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांचे मूत्रपिंड निकामी होतात. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत आपल्याकडच्या पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी शंभरातलं एकही उरलं नाही. २००६ साली जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली, तोवर आभाळ रिकामं झालं होतं.

स्पेनमध्ये २०१८च्या गणतीत गिधाडांच्या ३० हजारांहून जास्त जोड्या होत्या. आणि तरीही, आपल्याकडचं सगळं ठाऊक असताना, त्या देशानं २०१३ साली हेच औषध जनावरांसाठी मंजूर केलं. तिथेही या औषधानं मेलेलं एक गिधाड सापडल्याची नोंद २०२१ साली प्रसिद्ध झाली आहे. एकच. पण आपल्याकडेही पहिलं एकच असणार.

म्हणून चौदा रात्रींतल्या पहिल्या चार तिथे आहेत. बेत कोलमडला, पैसे संपले, कुणी आजारी पडलं, तर पुढची शहरं सोडता येतील. पत्नीनंच तसं सुचवलं. ती म्हणाली, "अल्हाम्ब्रा सहाशे-सातशे वर्षं थांबलाय, आणखी थोडा थांबेल. तुमच्या गिधाडांचं मला काही सांगता येत नाही."

तुम्हीही कधी असा प्रवास आखलात, तर जे थांबणार नाही ते आधी लिहा. आणि परदेशी जायच्या आधी एकदा आपल्या गावाबाहेरच्या ओढ्यावर जाऊन या. तिथे आज कोणते पक्षी आहेत, किती आहेत, ते वहीत मांडून ठेवा. अब्बांच्या वेळी आम्ही ते केलं नाही.