नजरेचं देणं



आमच्या घरात मोतीबिंदूला मोतीबिंदू म्हणत नसत. 'आँख में पानी उतर आया' असं म्हणत. पुढे वाचनात आलं की, जुन्या अरबी वैद्यकातही या आजाराचं नाव 'उतरणारं पाणी' असंच होतं. लॅटिनमध्ये त्याचं 'कॅटरॅक्ट' झालं, म्हणजे धबधबा. आम्ही वैनगंगेच्या काठची माणसं. आमच्याकडे पुराचं पाणी चढतं आणि चार दिवसांनी उतरतं. डोळ्यात उतरलेलं हे पाणी मात्र आपोआप ओसरत नाही. त्याला डॉक्टरच लागतो. आज मला अशाच एका डॉक्टरांविषयी बोलायचं आहे.

खरं म्हणजे ते पाणी नसतंच. डोळ्यातलं नैसर्गिक भिंग वयाने, उन्हाने किंवा मधुमेहाने गढूळ होतं. आमची दादी विड्या वळायची. तिचं ऑपरेशन जुन्या पद्धतीनं झालं होतं. पुढचे कित्येक दिवस मान न हलवता पडून राहायचं आणि नंतर जाड भिंगाचा चष्मा. त्या चष्म्यातून सगळं मोठं दिसायचं, पायरी होती त्यापेक्षा जवळ वाटायची. दादी आयुष्यभर उंबरठ्याशी थबकून पाय टाकत राहिली.

तसं पाहिलं तर डोळ्यात बसवायचं भिंग तिच्या तरुणपणीच निघालं होतं. हॅरॉल्ड रिडली नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी युद्धात जखमी झालेले वैमानिक तपासले. विमानाच्या काचेचे, म्हणजे अॅक्रिलिकचे, कण त्यांच्या डोळ्यात शिरले होते, पण डोळ्याने त्यांचा त्रास मानला नव्हता. त्यावरून रिडलींनी १९४९ साली लंडनमध्ये पहिलं कृत्रिम भिंग बसवलं. ते भंडाऱ्यातल्या विडी वळणाऱ्या बाईपर्यंत पोचायला मात्र काही दशकं लागली.

माझ्या डोळ्यात पाणी उतरलं ते पन्नाशीनंतर. मधुमेह सोबतीला होताच. आधी अनुस्वार दिसेनासे झाले, मग वेलांट्या. मराठीत कविता लिहिणाऱ्याला याचा अर्थ वेगळा सांगायला नको. स्वतःचीच वही मी मुलीकडून वाचून घेऊ लागलो. कविसंमेलनात पाठ असलेल्या जुन्याच कविता म्हणू लागलो. नवी कविता सुचायची, पण कागदावरची खाडाखोड दिसल्याशिवाय माझी कविता पुरी होत नाही.

माझं ऑपरेशन आमच्या जिल्ह्यातल्या एका सरकारी दवाखान्यात झालं. ज्या मॅडमनी केलं, त्यांनी नाव घ्यायचं नाही असं बजावलं आहे, म्हणून घेत नाही. त्या रोग्याला पहिला प्रश्न डोळ्यांविषयी विचारत नाहीत. "काय काम करता?" असं विचारतात. समोर धान कापणारी बाई असते, मोहाडीकडचा कोसा विणणारा कोष्टी असतो, पितळेच्या भांड्यांवर ठोके घालणारा कारागीर असतो. एकाला धागा दिसायला हवा, दुसऱ्याला बांधावरची वाट. मला म्हणाल्या, "भाऊ, लांबचं स्वच्छ दिसेल. लिहिण्यावाचण्याला चष्मा लागेल, आधीच सांगून ठेवते." थेंब घालून डोळा बधिर केला. अर्ध्या तासाच्या आत मी बाहेर होतो. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली, तेव्हा भिंतीवरच्या कॅलेंडरातले सगळे अनुस्वार जागेवर होते.

धानाच्या कापणी-मळणीचे दिवस आले की मॅडमचं काम वाढतं. धानाचं पातं किंवा तूस डोळ्याला लागतं. बुबुळावर ओरखडा उठतो आणि त्यात बुरशी वाढते. घरची माणसं पाल्याचा रस घालतात, बाळंतिणीचं दूध घालतात, नाही तर चिठ्ठीशिवाय दुकानातून थेंब आणतात. त्या थेंबांत स्टेरॉइड असलं तर बुरशी आणखीच फोफावते. मग डोळ्यात फूल पडतं. मोतीबिंदू काढता येतो, पण असं खोल फूल पुसता येत नाही. त्याला कुणाचं तरी नेत्रदानच लागतं. म्हणून मॅडम रांगेतल्या प्रत्येकाला तेच वाक्य न कंटाळता सांगतात, "डोळ्याला लागलं तर काही घालू नका, तसेच या."

अशा डॉक्टरांची परंपरा आपल्या महाराष्ट्राला आहे. डॉ. तात्याराव लहाने लातूर जिल्ह्यातल्या माकेगावचे, गरीब शेतकऱ्याच्या घरातले. १९९५ साली आईने स्वतःची किडनी देऊन त्यांना वाचवलं. त्यानंतर मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्यांनी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांचा लाखाचा आकडा ओलांडला. २००८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मला मात्र त्यांचं मोठेपण आकड्यापेक्षा आनंदवनात दिसतं. आमच्या विदर्भातल्या वरोऱ्याजवळ बाबा आमटेंनी वसवलेल्या त्या गावात जाऊन त्यांनी कुष्ठरोग्यांच्या डोळ्यांवर शस्त्रक्रिया केल्या. कुष्ठरोगात बोटांची संवेदना जाते. आंधळा माणूस हाताने चाचपून जग ओळखतो, पण ज्याचे हातच बधिर झाले त्याने काय करावं? त्याला नजर देणं म्हणजे हातही देणं.

देशात २०१५ ते २०१९ या काळात अंधत्वाची पाहणी झाली. पन्नाशी उलटलेल्यांमधल्या अंधत्वाचं सुमारे ६६ टक्के कारण मोतीबिंदू हेच निघालं. म्हणजे तीन आंधळ्यांतल्या दोघांना दिसू शकलं असतं. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम आपल्याकडे १९७६ पासून आहे, सरकारी दवाखान्यात ऑपरेशन मोफत होतं. तरी माणसं घरात बसून राहतात. कुणाला सोबत नसते, कुणाला रोजी बुडण्याची धास्ती असते, आणि कुणी म्हणतं, "आता या वयात काय करायचं पाहून?" हे शेवटचं वाक्य मी बायकांच्याच तोंडून जास्त ऐकलं आहे.

डोळा बरा झाल्यावर मी मिठाईचा डबा घेऊन मॅडमकडे गेलो. त्यांनी तो नर्सताईंकडे दिला आणि म्हणाल्या, "मला मिठाई नको. तुमच्या मोहल्ल्यातून एक माणूस आणून द्या."

मी आमच्या शेजारच्या खालाला घेऊन गेलो. दोन वर्षांपासून ती चुलीजवळ बसून आवाजावरून माणसं ओळखत होती. मुलगा मजुरीला बाहेरगावी, न्यायला कुणी नव्हतं. ऑपरेशननंतर घरी आल्यावर तिनं पहिल्यांदा सुनेला जवळ बोलावून तिचा चेहरा पाहिला. लग्न होऊन आलेली ती पोर तिनं तोवर नीट पाहिलीच नव्हती. "कितनी दुबली है गे तू," एवढंच म्हणाली आणि त्या रात्री सुनेला आपल्या आधी जेवायला बसवलं.

आतापर्यंत मी पाच जणांना नेलं आहे. उपकार फेडण्याची भाषा मी करत नाही, कारण दृष्टीची किंमत कुणाला मोजता येते? पण तुमच्याही गल्लीत कुणीतरी भिंतीला हात लावत चालत असेल. त्याला ऑपरेशनची माहिती कदाचित असेलही. त्याच्याकडे नसते ती सोबत. एक दिवस मोडा आणि त्याला डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन जा. माझ्या डॉक्टरांचे आभार मानायची हीच एक रीत त्यांनी मला शिकवली आहे, ती तुमच्या हवाली करतो.