यंत्र बदलताना

वीस वर्षे विंडोजवर काम करून मी प्रथमच मॅक घेतला. कंट्रोलऐवजी कमांड दाबायचे, लाल ठिपक्याने खिडकी मिटली तरी प्रोग्राम चालूच असतो, हे आठवड्यात अंगवळणी पडले. जीव हळहळला तो निराळ्याच गोष्टीने. माझ्या जुन्या प्रश्नपत्रिका उघडल्या, तो पडद्यावर रोमन अक्षरांची नुसती खिचडी! जुन्या फाँटाने रोमन अक्षरांनाच मराठीचा वेष चढवला होता. इथे तो फाँट नाही, वेष गळून पडला. युनिकोडमधली टिपणे मात्र जशीच्या तशी उमटली. इनस्क्रिप्टच्या कळाही ठरल्या जागीच सापडल्या. तेव्हा गुरुजनहो, जुने यंत्र हातचे सोडण्याआधी आपले लेखन युनिकोडमध्ये उतरवून घ्या. सवय काय, पुन्हा लागते. वर्षांची मेहनत पुन्हा करवत नाही.