राष्ट्रीय संघ आणि बाहेरचा खेळाडू

दुसऱ्या देशात जन्मलेल्या आणि तिथेच तयार झालेल्या खेळाडूला नागरिकत्व देऊन आपल्या राष्ट्रीय संघात घ्यावे की नाही, हा प्रश्न गेल्या वीस-पंचवीस वर्षांत ऐरणीवर आला असला, तरी बाहेरच्या गुणी माणसाला जवळ करावे की घरच्याला पुढे आणावे, हा त्यामागचा वाद बिदर-कलबुर्गीच्या श्रोत्यांना नवा नाही. बहमनी राज्यात इराण, मध्य आशिया अशा मुलखांतून येऊन चाकरीस राहिलेल्यांना ‘आफाकी’ आणि इथे पिढ्यान्‌पिढ्या रुजलेल्यांना ‘दखनी’ म्हणत, आणि या दोन गटांच्या वैराने राज्य आतून पोखरले गेले. गिलान प्रांतातून १४५३ च्या सुमारास बिदरला आलेला महमूद गवान वजीरपदापर्यंत पोहोचला, आणि त्याच वैरापायी १४८१ मध्ये एका बनावट पत्राच्या आधारे त्याला देहदंड झाला. परंतु १४७२ मध्ये त्याने बांधून पुरा केलेला तीन मजली मदरसा, म्हणजे त्या काळचे विद्यापीठ, अर्धा ढासळूनही एका मिनारासह बिदरमध्ये आजही उभा आहे. बाहेरून आलेल्याच्या येण्याने इथल्या मुलांच्या हाती काय लागले, हीच त्याचे मोल ठरवण्याची खरी कसोटी होय.

ही कसोटी आजच्या क्रीडाजगताला लावली, तर सगळीच उदाहरणे तिला उतरत नाहीत. केनियाचा धावपटू स्टीफन चेरोनो २००३ मध्ये कतारचा नागरिक झाला, त्याने सैफ सईद शाहीन हे नाव घेतले, आणि त्याच वर्षी पॅरिसच्या जागतिक स्पर्धेत स्टीपलचेस, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावण्याची तीन हजार मीटरची शर्यत, जिंकून कतारला सुवर्णपदक दिले. दुसरा आलेला इझिकिएल केंबोई केनियाचाच होता. २०१५ मध्ये जागतिक हँडबॉल स्पर्धेत उपविजेत्या ठरलेल्या कतारच्या संघातही बहुसंख्य खेळाडू बाहेरून आणलेले होते. अशा व्यवहारांना आळा बसावा म्हणून जागतिक अ‍ॅथलेटिक्स महासंघाने २०१७ मध्ये देशबदल पूर्णपणे थांबवला आणि पुढच्या वर्षी तीन वर्षांच्या प्रतीक्षेची अट घालून नवे नियम केले.

याउलट, मुंबईत जन्मलेला आणि २०१० मध्ये भारताकडून १९ वर्षांखालील विश्वचषक खेळलेला सौरभ नेत्रावळकर उच्च शिक्षणासाठी अमेरिकेत गेला, तिथे संगणक अभियंता म्हणून स्थिरावला आणि २०२४ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकात अमेरिकेकडून खेळला. त्याला कोणी पदकासाठी नेले नव्हते. जिथे त्याचा संसार आणि नोकरी होती, त्या देशाकडून तो खेळला, आणि म्हणून त्याच्याविषयी इथल्या मराठी माणसाला कौतुकच वाटले.

भारताची भूमिका या बाबतीत कडक आहे. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यानुसार भारतीयाला दुसऱ्या देशाचे नागरिकत्व ठेवता येत नाही, आणि २००८ पासूनच्या शासकीय धोरणानुसार भारतीय पारपत्र असलेल्यालाच राष्ट्रीय संघात स्थान मिळते; परदेशस्थ भारतीयांना दिले जाणारे ‘ओसीआय’ कार्ड त्यासाठी पुरत नाही. जपानमध्ये जन्मलेला, भारतीय पित्याचा पुत्र अराता इझुमी हा महिंद्र युनायटेड आणि पुणे एफसी या संघांतून खेळत इथेच राहिला, त्याने जपानी नागरिकत्व सोडले आणि त्यानंतरच २०१३ मध्ये भारताची जर्सी घातली. असा त्याग करणारा परका उरत नाही, आणि त्याला दार बंद ठेवणे अन्यायाचेच ठरेल.

या सीमाभागातील जत्रा-उरुसांतल्या कुस्त्या हा भेद नेमका दाखवतात. नारळावरच्या पोरासोरांच्या जोडीपासून हलगीच्या कडकडाटात शेवटच्या मोठ्या इनामाच्या जोडीपर्यंत फड रंगतो, त्यात कोल्हापूर-सोलापूरकडचे मल्ल उतरतात, आणि गाव त्यांना हातचे न राखता दाद देते. पण पाहुणा मल्ल गावाच्या फडात लढतो, गावाच्या नावाने नव्हे, कारण गावाचे नाव लावण्याचा मान गावच्या तालमीत घाम गाळणाऱ्याचा असतो. त्या तालमीला बाहेरचा वस्ताद मात्र कधीच वर्ज्य नसतो. मातीत घडलेल्या खाशाबा जाधवांना १९४८ च्या लंडन ऑलिंपिकआधी रीस गार्डनर या अमेरिकी प्रशिक्षकाने गादीवरची कुस्ती शिकवली, आणि १९५२ मध्ये हेलसिंकीला त्यांनी स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवले. त्या प्रवासासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकले होते. तयार मल्ल विकत आणला, तर एक पदक मिळते आणि तो निवृत्त झाला की जागा पुन्हा रिकामी होते; वस्ताद आणला, तर त्याची विद्या शिष्यांकडून पुढच्या शिष्यांकडे जाते.

म्हणून इथे राहण्यासाठी आलेल्याला संघाचे दार उघडे असावे, केवळ पदकासाठी आणलेल्याला नसावे, आणि आयात करायचीच असेल तर ती विद्येची करावी. परदेशी खेळाडूवर जो पैसा खर्च झाला असता, त्यातून औराद, भालकी, आळंद येथील तालमींना गाद्या, मुलांना खुराक आणि जाणता प्रशिक्षक मिळावा, ही मागणी या भागातील पालकांनी, शिक्षकांनी आणि लोकप्रतिनिधींनी आग्रहाने लावून धरली पाहिजे.