पळस आणि पारिजातक एका परडीत

नागपूरचा मे महिना म्हणजे दुपारभर कूलरपुढे घरात कोंडून राहणं. त्यात गेल्या वर्षी अर्धांगवायूच्या झटक्यानं माझ्या पत्नीच्या उजव्या हाताची बोटं आखडली होती. व्यायामाचा रबरी चेंडू तिनं चार दिवसांत कोपऱ्यात टाकला. तेव्हा मुलानं एक खोकं पाठवलं. फुलांच्या चित्राचा ५०० तुकड्यांचा जिगसॉ!

हा खेळ मुळात भूगोलाचा. १७६०च्या दशकात लंडनच्या जॉन स्पिल्सबरी या नकाशे कोरणाऱ्या कारागिरानं लाकडी फळीवर नकाशा चिकटवला आणि देशांच्या सीमांवरून कापला. मुलांनी तो जुळवायचा आणि देश ओळखायचे. नकाशाला सीमा तरी असते. फुलांच्या चित्रात मात्र एक पाकळी दुसरीत मिसळलेली.

आम्ही आधी कडेचे सरळ तुकडे निवडले, मग रंगांप्रमाणे ताटांत वाटण्या केल्या. मला सगळा हिरवा सारखाच दिसे. पत्नीनं मात्र जन्मभर देवासाठी फुलं तोडलेली. "अहो, हे पान कोवळं आहे, ते जून," असं म्हणत ती तुकडे लावू लागली. अर्थात, डाव्या हातानं.

चित्र होतं डच चित्रकार यान फान हाउसम यांचं. मूळ चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. त्यावर १७३६ आणि १७३७ अशी दोन वर्षं आहेत, कारण त्यातली सगळी फुलं एका ऋतूत फुलतच नाहीत. ट्यूलिप वसंतातला, हॉलीहॉक उन्हाळ्यातला. फूल समोर असल्याशिवाय हा गृहस्थ रंगवत नसे. एकदा तर पिवळा गुलाब मिळाला नाही म्हणून त्याचं एक चित्र अडून राहिलं होतं.

हे ऐकून पत्नी म्हणाली, "म्हणजे आपला फाल्गुनातला पळस आणि शरदातला पारिजातक एकाच परडीत की!"

आजारपणात मला एक सवय लागली होती. तिचं बटण मी लावायचं, तिचं वाक्यही मीच पुरं करायचं. मृगाचा पाऊस आला तेव्हा मोजके तुकडे उरले होते. तिनं एक तुकडा उजव्या हातात धरला. बोटं थरथरत होती. मी हात पुढे केला.

"थांबा," ती म्हणाली, "त्यानं एका फुलासाठी वर्ष घालवलं. मला एक मिनिट द्या."

मी हात मागे घेतला. मिनिटाहून बराच वेळ लागला, पण तुकडा तिनंच बसवला.